लायसनवरचा पत्ता

"लांब थांब. गाडीला हात लावू नकोस."

खंडेनवमीची सकाळ होती. हुबळीत या दिवशी सायकलीपासून ट्रकापर्यंत प्रत्येक गाडीची पूजा होते. अण्णांची पांढरी अँबॅसडर मी उजाडायच्या आत धुतली होती. चाकं घासली, काचा पुसल्या, बॉनेटवर झेंडूची माळ बांधली. आदल्या वर्षी याच गाडीला मी कुंकू लावलं होतं. मीच कोहळा फोडला होता आणि चाकांखाली ठेवलेली लिंबं चिरडत गाडी पुढं काढली होती. ड्रायव्हरचाच तो मान. यंदा मी ताट घ्यायला पुढं झालो आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, मला फाटकाबाहेर उभं केलं.

घरात दुसऱ्या कुणाला गाडी येत नव्हती. मग शेजारच्या बंगल्यातला ड्रायव्हर बोलावला. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. "याक, आराम इल्लेनु?" त्यानं मला विचारलं. बरं नाही का म्हणून. मी मान हलवली. होय म्हणालो. त्यानं लिंबं चिरडली. अण्णांच्या बायकोनं, वहिनींनी, त्याच्या हातावर प्रसाद ठेवला. माझा प्रसाद फाटकाजवळच्या कट्ट्यावर ठेवला, केळीच्या पानाच्या तुकड्यावर. ठेवला आणि वळल्या. याच बाईंच्या हातचा चहा मी वर्षभर प्यायलो होतो, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून.

मी तो प्रसाद उचलला. खाल्लासुद्धा. हे सांगायची लाज वाटते, पण खाल्ला.

हे असं का झालं, ते सांगतो.

मी मिरजेकडचा. आमचं गाव लहान, आमची वस्ती गावाच्या कडेला. लायसन मी तिकडंच काढलं आणि नव्वदीच्या मधल्या वर्षांत पोटासाठी हुबळीला आलो. अण्णांचं बाजारात कापडाचं दुकान होतं. त्यांचे आजे-पणजे आमच्याच बाजूचे. घरात मराठी, दुकानात कन्नड. एका ट्रकवाल्याच्या ओळखीनं मी गेलो. त्यांनी आडनाव विचारलं. आमचं आडनाव गावाच्या नावाला 'कर' लावून झालेलं, ते कुणाचंही असू शकतं. "मराठेच ना रे तुम्ही?" अण्णा म्हणाले. मी म्हणालो, "होय अण्णा."

दोन शब्द. तोंडातून गेले ते गेले.

बंगल्यामागची खोली मिळाली. काम चांगलं होतं. हुबळीत तेव्हा चार-पाच दिवसांनी एकदा नळाला पाणी यायचं. पाण्याच्या दिवशी सगळं घर घागरी घेऊन पळायचं आणि त्या पळापळीत मी पहिला. हंडे, पिंप, बादल्या, आणि देवघरातली तांब्याची घागर. ती चिंचेनं घासलेली घागर मीच उचलायचो, भरायचो. वहिनी म्हणायच्या, "तू आल्यापासून माझी कंबर वाचली बघ." मला बरं वाटायचं. आणि त्याच वेळी, यांना कळलं तर काय, हेही डोक्यात यायचं. वर्षभर असं चाललं. कुणी गावाचं नाव काढलं की मी विषय बदलायचो.

मग लायसनची मुदत संपत आली. तीन आठवडे राहिले. माणूस राज्य सोडून आला की त्याचं लायसनही इकडं आणावं लागतं. जुन्या ऑफिसचा ना-हरकत कागद आणायचा, इथं राहण्याचा पुरावा द्यायचा, मग इथलं ऑफिस नवं लायसन देतं. माझ्याकडं इथलं रेशनकार्ड नव्हतं. घरमालकाचं पत्र चालतं, असं कळलं. म्हणजे अण्णांचं पत्र. आणि लायसन संपलं तर मी कोण? रिकामे हात. ड्रायव्हरचं सगळं लायसनच्या त्या छोट्या पुस्तकात असतं.

आता खरं सांगतो. मला ते नवं लायसन आतून हवं होतं. जुन्या पुस्तकावर माझ्या नावाखाली बापाचं नाव आणि त्याखाली पत्ता होता: बौद्धवाडा. पोलिसानं रस्त्यात पुस्तक मागितलं की मी ते असं धरायचो की अंगठा त्या ओळीवर येईल. नव्या लायसनवर हुबळीचा पत्ता येणार होता. लॅमिंग्टन रोडच्या मागचा, बंगल्याचा. अंगठा काढता येणार होता.

अर्जावर सही करून मी तो गावी धाडला. आप्पा, माझे वडील, चार दिवस तिकडच्या ऑफिसला खेटे घालत होते. कागद हातात पडल्यावर त्यांनी पोस्टावर भरवसा ठेवला नाही. स्वतः आले. मी गाडी पुसत होतो, तोवर फाटकाशी टोपी दिसली. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी, खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद.

आप्पा भेटेल त्याला जयभीम घालायचे. एसटीच्या कंडक्टरलाही. ओट्यावर अण्णा पेपर वाचत बसले होते. मी धावत फाटकापर्यंत गेलो. बापाला भेटायला नाही. त्यांचं तोंड उघडायच्या आत पोचायला.

"कोण आलंय रे?" अण्णांनी विचारलं.

"गावचा माणूस आहे," मी म्हणालो. "कागद द्यायला आलाय."

आप्पा माझ्यापासून दोन हातांवर होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग कागद दिला. भाकरी दिल्या. वहिनींनी आतून विचारलं, चहा टाकू का त्यांना. मीच म्हणालो, "नको, घाई आहे त्यांना." आप्पांनी मान डोलावली, होय, घाई आहे. मला सांभाळून घेतलं त्यांनी. एक शब्द बोलले नाहीत, जयभीमसुद्धा नाही. वळले आणि बसस्टँडकडं चालत गेले. मी पोचवायला गेलो नाही. त्यांची ती पाठ मला आजही दिसते. गाडी चालवताना पुढं कुणी टोपीवाला म्हातारा चालला असला, की पाय आपोआप ब्रेकवर जातो.

संध्याकाळी तोच कागद मी अण्णांच्या हातात दिला. मला वाटलं होतं मुनीम पत्र लिहील, नंबर उतरवील, संपलं. पण आपल्या घराचा पत्ता असलेलं पत्र अण्णा दुसऱ्याच्या हातून लिहून घेत नसत. त्यांनी चष्मा लावला आणि कागद पहिल्या ओळीपासून, माझ्या गावच्या पत्त्यासकट वाचला.

"हा वाडा कुणाचा रे?"

"आमचा."

कागदाची घडी घालून त्यांनी तो ओट्याच्या कडेवर ठेवला. माझ्या हातात दिला नाही. दोन दिवसांनी खंडेनवमी होती.

त्या दुपारी, पूजेची पाहुणेमंडळी गेल्यावर, त्यांनी मला बोलावलं. मी ओट्याच्या पायरीखाली उभा राहिलो. सांगितलं नव्हतं, तरी पाय तिथंच थांबले. सकाळपासून एवढं शिकलो होतो. त्यांच्यापुढं पत्र तयार होतं, सुवाच्य अक्षरात. सही तेवढी राहिली होती.

"मी काही जुन्या काळचा माणूस नव्हे," अण्णा म्हणाले. "तू पोरगा चांगला आहेस. पण वर्षभर देवाचं पाणी तू भरलंस. हे पेठेत कळलं तर आमच्या घरी पाण्याला तरी कोण थांबेल सांग की? पोरीचं लग्न करायचंय मला. तेव्हा होतास तसाच राहा. कुणी विचारलं तर मराठा म्हणून सांगायचं, आजवर सांगितलंस तसं. पाणी भरू नकोस. आत येऊ नकोस. बाकी सगळं तसंच. लायसनवर आमचा पत्ता लागला की त्या वाड्याचं नावही जाईल. तुझा फायदाच आहे की त्यात."

माझाच खोटेपणा ते मला परत देत होते. इस्त्री करून.

आणि मला तो घ्यावासा वाटत होता, हे लपवणार नाही. मनात हिशेब चालू होता. गप्प बसायची सवय आहेच. अजून काही वर्षं. सही झाली की सुटलो. मी हात पुढं करणार होतो. तेवढ्यात ते पेन उघडता उघडता म्हणाले,

"आणि तो परवा आलेला माणूस. तुमच्यातलाच ना तो? तसली माणसं फाटकाशी येऊ देऊ नकोस. लोक बघतात."

तसली माणसं. हे अण्णा म्हणाले खरं. पण त्या माणसाला फाटकाबाहेर थांबवलं कुणी? घाई आहे म्हणून वाटेला लावलं कुणी? अण्णांनी मला एकदा बाहेर उभं केलं होतं. मी माझ्या बापाला त्यांच्या आधी उभं केलं होतं. आणि अण्णांना निदान माहीत नव्हतं तो कोण ते.

"तो माझा बाप आहे," मी म्हणालो.

अण्णांचं पेन थांबलं. "मग तेव्हा..."

"तेव्हा खोटं बोललो. पहिल्या दिवशीही खोटंच बोललो. पत्र राहू द्या."

"डोकं फिरलंय काय तुझं? लायसन जाईल तुझं."

"जाऊ दे. ना-हरकत कागद माझा आहे. तो द्या."

त्यांनी तो कडेला सरकवला. मी पायरी चढून वर गेलो आणि त्यांच्या समोरून कागद उचलला. त्याच दिवशी खोली सोडली.

हुबळीतच, कमरीपेठेत, पाच दारं ठोठावली. प्रत्येक दारात आधी जात सांगितली, मग खोली मागितली. पाचही ठिकाणी खोली कालच गेलेली होती. सहावं दार मिरची कांडपाच्या मशीनवाल्या अक्कांचं. त्यांनी ऐकून घेतलं. "पाणी आपलं आपण भरायचं, माझ्या घागरीला हात लावायचा नाही," त्या कन्नडात म्हणाल्या. मी तिथंच विचारलं, "जातीमुळं?" अक्का माझ्यावरच खेकसल्या. "माझे गुडघे अजून धड आहेत म्हणून." मला हसू आलं नाही. विश्वासही बसला नाही लवकर. पण त्यांनी पत्रावर सही केली, आणि ठसका लागत, शिंकत मी त्या खोलीत राहिलो.

लायसनच्या ऑफिसबाहेर फॉर्म भरून देणारा म्हणाला, कायमचा पत्ताही इथलाच घाला, दोन्ही रकाने सारखे, मोकळे व्हा. मी पेन त्याच्या हातातून घेतलं. कायमच्या पत्त्यात गावाचं नाव लिहिलं आणि बौद्धवाडा लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "तंदे हेसरु?" बापाचं नाव. फॉर्मवर होतंच, तरी मी मोठ्यानं सांगितलं. रांगेतली माणसं बघायला लागली. बाईंनी वरही बघितलं नाही. शिक्का मारला, पुढच्याला हाक दिली. ज्या ओळीवर मी इतकी वर्षं अंगठा ठेवला, ती त्यांनी धड वाचलीही नसेल.

नवं लायसन घेऊन गावी गेलो. आप्पा दारात बसले होते. मी म्हणालो, "आप्पा, त्या दिवशी फाटकाशी मी जे बोललो..."

"काय बोल्लास?" ते म्हणाले. "मला काय ऐकूच आलं न्हाई. कान गेल्यात माझं."

मी त्यांच्याशेजारी टेकलो. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "ऊठ, तुझी गाडी आली." मला काही ऐकू येत नव्हतं. मी उठून रस्त्यावर गेलो, तेव्हा लांब ओढ्याच्या वळणावर एसटी दिसली.

पुढच्या उन्हाळ्यात आप्पा गेले. माफी मागायची राहून गेली. लोक म्हणतात, बापानं माफ केलंच होतं की. केलं असेल. मी स्वतःला केलेलं नाही आणि करायचंही नाही. ते टोचत राहिलं तरच बरं.

काही वर्षांनी धारवाडला, सप्तापुरात, एका प्राध्यापकांकडं काम मिळत होतं. भिंतभर पुस्तकं. मला खुर्चीवर बसवलं, अहो-जाहो केलं. पगार ठरायच्या आधी मी माझं नाव, बापाचं नाव आणि वाडा सांगितला. आता सगळीकडं सांगतो. ते हसले. म्हणाले, "अहो, मला काहीच फरक पडत नाही. फक्त आमच्या आईला सांगू नका. जुनं माणूस आहे. तिनं विचारलं तर दुसरं काहीतरी सांगा."

मी उठलो.

"अहो, एवढं काय त्यात?" ते म्हणाले. खरंच कळलं नव्हतं त्यांना.

"आईला बोलवा," मी म्हणालो. "त्यांच्यासमोर सांगतो. चाललं तर उद्यापासून येतो."

त्यांनी बोलावलं नाही. मी चपला घातल्या आणि चालायला लागलो. घरी बायको वाट बघत होती, पोरीची शाळा सुरू व्हायची होती. काम हातचं गेलं होतं. जाऊ दे. ज्याला माझ्या हातात आपल्या लेकराबाळांचा जीव द्यायचा आहे, त्यानं आधी माझ्या बापाचं नाव ऐकायचं. घरातल्या सगळ्यांनी ऐकायचं. नसेल ऐकायचं तर स्वतः चालवावी गाडी.