चंदनाचा वास येणारी शाई

फ्राऊ हान यांच्या आईचा दगड मी खराब केला. दुसऱ्या कुणीही नाही, मीच.

माझी बायको मेघना इथे जर्मनीत, एश्बॉर्नमध्ये, या कोरियन बाईंकडे सुलेखन शिकते. त्यात शाई बाटलीतून ओतायची नसते. काळ्या दगडावर पाणी घालून शाईची कांडी सावकाश उगाळायची. उगाळता उगाळता मन शांत होतं म्हणे. (आमच्या घरात अजून कुणाचं झालेलं नाही.) प्रदर्शनासाठी बाईंनी तिला आपल्या आईचा जुना दगड वापरायला दिला होता.

त्याच आठवड्यात पुण्याहून सासरे आले. मेघना ऑफिसला गेलेली, अण्णा सोवळं नेसून देवांपुढे बसलेले.

"जावईबापू, सहाण कुठाय? गंध उगाळायचंय."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर काळा, गुळगुळीत, एका बाजूला खोलगट दगड! मी तो तसाच नेऊन दिला.

"वा! जर्मनीत सहाण मिळते?"

"इथे सगळं मिळतं, अण्णा!" मी ऐटीत म्हणालो.

गंध काळंकुट्ट निघालं. अण्णांचा चष्मा आतल्या खोलीत होता. देव माखले, अण्णा माखले, प्रसाद म्हणून मीही माखलो. शाळेतून आलेली आमची इरा किंचाळली, "ओपा! श्वार्त्स!" (आजोबा काळे झाले, हे तिला मराठीत सुचेना.)

काजळीची शाई ती, साबणाला दाद देईना! हा मेघनाचा दगड, हे तेव्हा कुठे ध्यानात आलं आणि घाबरून मी त्यावर तारेची घासणी चालवली. चंदन निघालं. दगडाची कातडीही निघाली.

संध्याकाळी मेघना उगाळायला बसली. "अरे, ही खरखर कसली? आणि शाईला चंदनाचा वास कसा?"

अण्णांनी काळ्या कपाळाने माझ्याकडे बघितलं. "जावईबापू म्हणाले, इथे सगळं मिळतं."

मेघनाच्या डोळ्यांत पाणीच आलं. "त्यांच्याकडे आईची ही एवढीच वस्तू होती! आता मी त्यांना तोंड कसं दाखवू?"

"मी दाखवतो," मी म्हणालो. (तेही अजून अर्धं काळंच होतं.)

फ्राऊ हान बराच वेळ ओरखड्यांवरून बोट फिरवत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आल्झो, तर मग," त्या अखेर म्हणाल्या, "दगड पुन्हा घासून घेता येईल. तुम्ही माफी लिहा. कोरियनमध्ये, कुंचल्याने. शाईही तुम्हीच उगाळा."

कोरियाच्या एका राजाने ही अक्षरं सामान्य माणसालाही चटकन यावीत म्हणून बनवली. (राजाने मला पाहिलं नव्हतं.) खांदा भरून येईपर्यंत उगाळलं आणि घाम पुसत माफी लिहिली.

बाईंनी कागद आडवा धरला, उभा धरला. "माफी मान्य आहे. अक्षर मान्य नाही. पुन्हा लिहा."

दगड गुळगुळीत झाला, मेघनाचं प्रदर्शन पार पडलं, अण्णा स्वच्छ कपाळाने पुण्याला पोचले. मी मात्र अजून दर शनिवारी फ्राऊ हान यांची माफी मागतोय!