घाटातली बारी आणि माझा तास

"गोष्ट कोण सांगतंय?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"मॅडम, तुमी!" नववीचा अख्खा वर्ग ओरडला.

मागच्या बाकावर तपासणीला आलेले साहेब बसले होते. त्यांनी वहीत काहीतरी खरडलं. पारगावकडच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे मानधनावर उमेदवारी करत, मला तीन वर्षं होत आली होती. कायम होणार की घरी बसणार, ते आजच्या शेऱ्यावर ठरणार होतं.

तास इंग्रजीचा, विषय होता पॉइंट ऑफ व्ह्यू, म्हणजे गोष्ट कुणाच्या नजरेतून सांगितली आहे ते. गोष्टीतला माणूस स्वतः 'मी' म्हणून सांगतो, तेव्हा फर्स्ट पर्सन. बाहेरचा कुणी 'तो', 'ती' म्हणत सांगतो, तेव्हा थर्ड पर्सन. पण पुस्तकातला धडा रोज मीच मोठ्याने वाचते. त्यामुळे पोरांच्या लेखी सांगणारी मीच. त्यांचं तरी काय चुकलं?

काजलने हात वर केला. "मॅडम, घाटातलं बोलू का? तुमी बंदी घातलीय."

घाट म्हणजे आमच्याकडे बैलगाडा शर्यतीची चढाची धावपट्टी, आणि बारी म्हणजे तिथली एकेका गाड्याची पळायची पाळी. यात्रा झाली की आठवडाभर पोरांना दुसरं काही सुचत नाही, म्हणून मीच वर्गात तो विषय बंद केला होता. साहेबांसमोर नाही कसं म्हणणार? "बोल," म्हटलं.

"परवा आमची बारी व्हती. आमचा बापू खाली बैल धरून, काका वर माईकवर, बारी पुकारायला. काका म्हनतो, गाडा लई जोरात आला. बापू म्हनतो, मला निस्ती धूळ दिसली. बापू 'मी' म्हनून सांगतो, काका 'तो गाडा' म्हनून. तसंच ना?"

मला तिला तिथेच मिठी मारावीशी वाटली.

"इंग्लिशमध्ये सांग," साहेब म्हणाले.

ती घाबरली, पण अडली नाही. "आय होल्ड द बुल. आय सी ओन्ली डस्ट." मग मूठ माईकसारखी तोंडाशी धरून, "द बुल्स रन! दे विन!"

"यातलं खरं कोणाचं?"

"दोगांचं बी, सर. बापू खाली व्हता, काका वर."

मग वर्ग आवरेना. कुणी बैलाच्या तोंडून सांगितलं, कुणी गाड्यापुढे पळणाऱ्या घोडीच्या.

पुढे मी कायम झाले. शेरा वाचायला मिळाला: 'शिक्षिकेने परिसरातील समर्पक उदाहरण निवडले.'

मी कसलं निवडतेय! माझी तर बंदी होती. ती दुसऱ्या दिवशी गुपचूप उठवली. साहेबांना मागच्या बाकावरून जेवढं दिसलं तेवढं त्यांनी लिहिलं. त्यांचंही खोटं नाही. पण फळ्याजवळून मला काजलचा वर गेलेला हात दिसला होता. माझी नोकरी त्या हाताने राखली. सर्व्हिस बुकात ती नोंद नाही, म्हणून इथे केली.