पाड न लागणारं फळ

रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते बोलून जातं, आणि मी तर जरा जास्तच. माहेरी मला लवंगी मिरची म्हणायचे, ते काही माझ्या उंचीवरून नाही. तर त्या दिवशी भर अंगणात मी सासऱ्यांना म्हणाले, "मामा, दसऱ्याच्या आत तुम्ही हे फळ स्वतःच्या तोंडानं दुसऱ्यांदा मागून खाल्लं नाही, तर झाडांवर पहिली कुऱ्हाड मी घालीन. मग लावा तुमची लिंबं."

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांनी नुसती मान हलवली. आपण हरत नाही हे त्यांना ठाऊक होतं, कारण ते कधीच काही दुसऱ्यांदा मागत नाहीत. सासूबाई होत्या तोवर मागायची वेळच यायची नाही. ताटातलं संपायच्या आत त्या वाढायच्या. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून मामा दीड भाकरी खातात, तांब्याभर पाणी पितात आणि उठतात. मी पुरणपोळी केली तरी तेच आणि पिठलं केलं तरी तेच. बरं, सुनेचं मन राखायला खोटं कौतुक करावं, हेही त्यांच्या रक्तात नाही. त्यामुळे बोलून झाल्यावर माझं मलाच कळलं की मी माझ्या सात झाडांचा जीव पणाला लावून बसले आहे.

ही झाडं अवाकाडोची. त्यांचं मूळ आहे पुण्यात. माझी मुलगी तिथे नोकरी करते. चार वर्षांपूर्वी तिने मला एका हॉटेलात नेलं आणि माझ्यापुढे एक वाटी आली. वाटीत हिरवं काहीतरी ठेचलेलं आणि बाजूला मक्याच्या तिकोनी चिप्स.

"आई, हे ग्वाकामोले. अवाकाडोचं करतात. तुझ्यासाठी मुद्दाम स्पायसी सांगितलंय."

मी चाखलं. मऊ, लोण्यासारखं, लिंबानं आंबटसर आणि तिखट म्हणाल तर नावाला. मी म्हणाले, "अगं, हा तर ठेचा आहे. फक्त मिरची घालायला विसरलेत." मुलीने कपाळाला हात लावला. पण खरं सांगते, मला ते फार आवडलं होतं. वाटी मी चमच्याने खरवडून संपवली आणि हे आपण घरी, आपल्या मिरचीचं करायचं असं तिथेच ठरवून टाकलं.

त्याच वर्षी एका कृषी प्रदर्शनातून मी सात कलमं आणली. आमचं शेत काष्टीजवळ, लिंबाचं. बागेच्या कडेची सात लिंबं वाळून गेली होती, त्या जागी मी ही कलमं लावली. मामांनी तोंड वाकडं केलं, पण नाही म्हणाले नाहीत. पहिले दोन उन्हाळे मी शाळेतून आले की आधी त्यांना पाणी घालायची आणि मग चहा टाकायची. नवरा सुप्याच्या कंपनीत आहे, तो सुट्टीच्या दिवशी जुन्या साड्यांची सावली बांधून द्यायचा आणि म्हणायचा, "पोरीच्या लहानपणी एवढं केलं नव्हतंस." चौथ्या पावसाळ्यात फळं धरली, झाडागणिक पंधरा-वीस.

आणि इथेच आम्ही सगळ्यांनी मिळून माती खाल्ली. मामांना आंब्यातलं फार कळतं. आंब्याचा आमच्या घरातला नियम असा, की पाड लागल्याशिवाय फळाला हात लावायचा नाही. पाड म्हणजे झाडावरच पिकून आपोआप खाली पडलेलं पहिलं फळ. ते पडलं की समजायचं, झाड तयार आहे. मामांनी तोच नियम माझ्या झाडांना लावला. मीही मान डोलावली. मी, जी सातवीला विज्ञान शिकवते!

श्रावण सरला, फळं जिथल्या तिथे. भाद्रपदात एके दिवशी वारं सुटलं आणि एक फळ खाली पडलं. मामा ते दोन्ही हातांत धरून घरी घेऊन आले. धुतलं, देवापुढे ठेवलं, मग विळीवर कापलं. कापताना विळी करकरली तेव्हाच कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. आम्ही तिघांनी एकेक फोड तोंडात टाकली. मामांनी ती अंगणात थुंकली.

"साबन हाय ह्यो, साबन!"

"साबणाला निदान फेस येतो," नवरा म्हणाला.

माझ्याही तोंडात कडवट, तुरट काहीतरी चिकटून राहिलं होतं, पण मी हट्टाने गिळलं. मामा पाण्याने चूळ भरून म्हणाले, "पाडच आसा, तर बाकीच्याचं काय सांगावं? दसरा झाला की काडून टाकू. तिथं लिंबंच बरी." चार वर्षांचं पाणी माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि मग मी ते कुऱ्हाडीचं बोलले.

दुसऱ्या दिवशी मी झाडावरची चार-पाच फळं तोडून त्यांची भाजी केली. कच्च्या पपईची करतात तशी. तेलात मोहरी, हिंग, भरपूर लसूण, वरून कांदा-लसूण मसाला. शिजता शिजता ती अशी कडू झाली की तिच्यापुढे कारलं गोड म्हणावं. मामांनी एक घास खाल्ला, म्हणाले, "कडू हाय," आणि उरलेली भाकरी दुधात कुस्करली. मी नवऱ्याला विचारलं, डब्यात देऊ का? तो म्हणाला, "नको. कंपनीत दोन-तीन मित्र आहेत, ते राहू देत."

मला इतका संताप आला की उरलेलं एक फळ मी स्कूटरच्या डिकीत फेकलं. शाळेत मुलांना दाखवू, एवढाच त्याचा उपयोग, असं म्हणून. आणि विसरून गेले. आठवड्याने शाळेच्या आवारात रेनकोट काढायला डिकी उघडली तर ते रेनकोटाच्या घडीत बसलेलं. साल काळपट पडली होती, दाबलं तर बोट रुतलं. सडलं म्हणून कुंपणापलीकडे फेकणार होते, पण म्हटलं, निदान बघू तरी आतून कसं सडतं. डब्याच्या चमच्याने चिरलं. आत पिवळसर हिरवं लोणी! चमचा घातला, तोंडात टाकला, आणि मी तिथेच स्कूटरला टेकून अख्खं फळ खाल्लं. तास सुरू झाल्याची घंटा झाली तरी मी सालीच्या आतून चमचा फिरवत होते.

मधल्या सुट्टीत मुलीला फोन केला. ती म्हणाली, "अगं आई, ते झाडावर पिकतच नाही. कडक असतानाच तोडायचं आणि घरात ठेवायचं. तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

आता घाई होती. दसऱ्याला वेळ होता, पण घट बसले की आमच्या घरात नऊ दिवस लसूण चालत नाही, आणि बिनलसणाचा ठेचा घेऊन मी मामांपुढे जाणार नव्हते. म्हणजे हातात दहाच दिवस. मी त्याच संध्याकाळी बारा फळं देठासकट उतरवली आणि आंब्याची लावतात तशी आढी लावली. कोठीच्या खोलीत, जुन्या पत्र्याच्या पेटीमागे, गव्हाच्या काडाचा थर, त्यावर फळं, वर पुन्हा काड आणि गोणपाट. मामांच्याच हाताखाली वीस वर्षं आंब्याच्या आढ्या लावल्या होत्या मी. तेच शिक्षण त्यांच्यावर उलटवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मामांनी विचारलं, "माळ्यावरचं काड कुनी नेलं गं?"

"मी नेलं. मांजर व्यालीय कोठीत."

"व्हय? किती पिल्लं?"

माझ्या डोक्यात फळंच होती. "बारा," मी म्हणाले.

मामांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "मांजरीला बारा?" एवढंच म्हणाले आणि गोठ्याकडे गेले.

सातव्या दिवशी रविवार होता. पहाटे आढीत हात घातला, देठाजवळ अंगठ्याने दाबलं आणि मला अक्षरशः नाचावंसं वाटलं. आठ फळं तयार होती. नवऱ्याला उठवून दाखवली. त्याने एक हुंगलं आणि पहिल्यांदाच काही चेष्टा केली नाही.

मी सासूबाईंचा लोखंडी तवा काढला. त्या गेल्यापासून ठेचा मी मिक्सरमध्ये करत होते, कारण सकाळी शाळा गाठायची असते, आणि मामा त्याला चिखल म्हणत आले होते. त्या दिवशी तव्यावर शेंगदाण्याचं तेल, त्यावर आमच्या बांधावरच्या काळपट हिरव्या मिरच्या आणि मूठभर लसूण. मिरच्यांना डाग पडले तसं खडे मीठ घातलं आणि पितळी तांब्याच्या बुडाने तव्यातच रगडायला घेतलं. घरभर ठसका उठला. नवरा शिंकत बाहेर पळाला.

मामा अंगणात होते. ते दारात येऊन उभे राहिले. "तव्यावर करतीस?"

"हो."

"आन की मग. भाकर झाली न्हवं?"

"थांबा जरा."

"कशापायी थांबायचं?"

थांबणं भाग होतं. भाजीने मला एक धडा दिला होता, की हे फळ तापलं की कडू होतं. मी परातीत पाणी ओतून त्यात तवा टेकवला आणि गार व्हायची वाट बघत बसले. मामा पाटावर बसून तव्याकडे बघत होते. तीनदा खाकरले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाला जेवणासाठी अधीर झालेलं पाहिलं. तव्याला उलटा हात लावून पाहिला, गार होता. मग आठही फळांचा गर त्यात काढला, तांब्यानेच ठेचला, गाठी राहतील इतपतच. बारीक कांदा, कोथिंबीर. लिंबू अगदी शेवटी, आमच्याच बागेतलं, कारण आधी पिळलं तर तव्याचं लोखंड उतरतं. चाखून पाहिलं. आधी गार, मऊ, आंबट. आणि मग मागून मिरची येते ती थेट कानापर्यंत. पुण्याच्या त्या वाटीला मी तिथेच मनातल्या मनात पाडलं.

चिप्स कुठल्या असायला! बाजरीची भाकरी पुन्हा चुलीपुढे उभी करून कडक केली होती, तिचे तुकडे मोडले. ताट मामांपुढे ठेवलं आणि सांगून टाकलं. फसवून जिंकायचं नव्हतं मला.

"मामा, ही तीच फळं."

त्यांचा चेहरा पडला. पण नाकात तो ठसका होता. त्यांनी भाकरीचा तुकडा बुडवला आणि तोंडात टाकला. चावला. थांबले. दुसरा तुकडा मोठा मोडला. नवरा माझ्याकडे बघत होता, मी मामांच्या हाताकडे. त्यांनी डोळ्यांत पाणी आलं तेवढं पंच्याने टिपलं आणि खात राहिले. दीड भाकरी संपली. त्यांनी तांब्या उचलला, पाणी प्यायले. झालं, उठणार आता.

मामांनी तांब्या खाली ठेवला. उठले नाहीत. ताटाच्या कडेकडे बघत, मिशीत म्हणाले, "हाय का आजून?"

मला ऐकू आलं होतं. शेजारच्या वस्तीवर ऐकू जावं असं वाटत होतं. "काय म्हणालात, मामा?"

"आजून वाढ म्हनलं. बहिरी झालीस काय?"

नवऱ्याने मांडीवर थाप मारली. मी वाढलं, एक डाव, दोन डाव, वर आणखी एक भाकरी. हसू आवरत नव्हतं आणि डोळे पुसायलाही मिरचीचेच हात. दुसऱ्यांदा वाढलेलं संपल्यावर मामा म्हणाले, "त्यो तवा आन हिकडं." मी तवा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी उरलेली अर्धी भाकरी घेतली आणि तवा कडेपासून मध्यापर्यंत पुसून खाल्ला, सासूबाईंच्या वेळी पुसायचे तसा. सहा वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं. तवा घासायचं काम मला त्या दिवशी उरलंच नाही.

पुढे खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं धुऊन पूजतात. विळे, खुरपी, कोयता, सगळी ओळीने मांडली. कुऱ्हाडही होती. तिला हळदकुंकू मी मुद्दाम ठसठशीत लावलं. मामांनी ते पाहिलं. आरती झाल्यावर त्यांनी कुऱ्हाड उचलली, कोठीत नेऊन खुंटीला टांगली, आणि येताना बगलेत काडाचा भारा घेऊन आले.

"ऱ्हायल्याली फळं उतरव आता," ते म्हणाले. "पाडाची वाट बघत बसू नको. आढी मी लावतो. ते मांजरीच्यानं हुनार न्हाई."