शेठची सफाई

"अजून थोडं," असं म्हणून शेठ खुर्ची पुढे ओढायचा, कासवासारखी मान बाहेर काढायचा आणि नाक मॉनिटरला टेकेल इतक्या जवळून बघायला लागायचा. त्या 'अजून थोडं'मध्ये दरवेळी कुणाचं तरी काहीतरी जायचं. नवरीच्या नाकाची रुंदी जायची, नवऱ्याचं पोट जायचं, करवलीच्या गालावरचा तीळ जायचा. जाता जाता माणूसही जायचा, पण ते शेठला कधी जाणवलं नाही.

शेठच्या हातचं काम तुम्हीही कधीतरी पाहिलं असेल. एखाद्याच्या घरी चहाला जावं, भिंतीवर लग्नाचा फोटो असावा आणि "हे कोण?" असं विचारायला तोंड उघडावं, तेवढ्यात यजमानांनी कौतुकाने सांगावं, "आम्हीच!" अंधेरीच्या बाजूला असं घडलं असेल, तर तो फोटो आमच्याच दुकानातून गेलेला असणार.

दुकान मरोळला होतं, औद्योगिक गाळ्यांच्या समोरच्या गल्लीत. मी वाकोल्याहून तिथे कामाला जायचो. फोटो मी काढायचे आणि त्यांची वाट शेठने लावायची, अशी आमची सरळ वाटणी होती.

शेठ मूळचा मालवणकडचा. वडील गिरणीत होते. हा पोरवयात एका स्टुडिओत लागला आणि निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून लोकांच्या सुरकुत्या घालवायला शिकला. तेव्हा त्याच्या हाताला निदान पेन्सिलीची मर्यादा होती. कॉम्प्युटर आला आणि ती गेली. मग सॉफ्टवेअरांचा पूर आला. बाजारात काही नवीन आलं की सकाळी मी शटरमधून वाकून आत येतो न येतो तोच तो ओरडायचा, "मेल्या, हे बघ! नवीन आलंय! यात केससुद्धा एकेक सुटा होतो!"

"शेठ, आधीचं तरी नीट शिका ना."

"आधीचं जुनं झालं रे."

आधीचं म्हणजे गेल्या महिन्यातलं. ते शिकायच्या आत जुनं झालेलं असायचं. प्रयोगासाठी मात्र बळी तयार असायचा. त्या आठवड्यात ज्यांचं लग्न असेल ते.

मुलुंडच्या एका लग्नात हॉलच्या छतावरचे पंखे दिसतात म्हणून याने छतच काढून टाकलं आणि तिथे सूर्यास्त भरला. भटजी होम पेटवतायत आणि डोक्यावर समुद्रकिनाऱ्यावरचं केशरी आभाळ. बरं, उजेड डावीकडून आणि सगळ्यांच्या सावल्याही डावीकडेच. मी दाखवलं तर म्हणाला, "सावल्या कोण बघतं रे?" त्याच अल्बममध्ये नवरदेवाची आजी होती. बोळकं पसरून गोड हसत होती बिचारी. शेठच्या नव्या सॉफ्टवेअरने तिच्या तोंडात पांढरीशुभ्र बत्तीशी बसवली. घरचे लोक अल्बम बघून खूश झाले, हे मी इथे मुद्दाम सांगतो. नाहीतर तुम्हाला वाटेल की शेठ एकटाच वेडा होता.

खूश न झालेली एकच बाई मला आठवते. मरोळ गावठाणातल्या एक म्हाताऱ्या ख्रिस्ती आंटी. नवरा जाऊन महिना होत आला होता. त्यासाठी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना ठेवली होती आणि तिथे लावायला मोठा फोटो हवा होता. त्यांच्याकडे एक लहानसा, कडा दुमडलेला फोटो होता. शेठने नुकतंच ते जुने फोटो नवे करणारं एआय आणलं होतं. त्यात माऊसही फारसा हलवावा लागत नाही. फोटो द्यायचा, 'स्वच्छ कर' म्हणून लिहायचं आणि चहा प्यायचा. चहा होईपर्यंत आंटींचा नवरा दहा वर्षांनी तरुण होऊन आला.

आंटींनी प्रिंट हातात घेतली, उलटीसुलटी केली. "ह्यो कोन?"

"अहो, तुमचे मिस्टर. बघा किती झकास आलेत."

"ह्यो माजा मानूस नाय. तो एक डोला बारीक करून बगायचा."

"तेच तर बरोबर केलं आंटी! दोन्ही डोळे आता सारखे झाले."

"डोला बरोबरच व्हता," आंटी म्हणाल्या आणि आपला दुमडलेला फोटो पर्समध्ये ठेवून निघून गेल्या. शेठ त्यांच्या पाठीकडे बघत मला म्हणाला, "लोकांना क्वालिटी कळत नाही." अशा माणसाशी काय बोलणार?

दुकानाच्या भिंतीवर सॅम्पल म्हणून एकाच मुलीचे फोटो लावलेले होते. फ्रॉकमधली, शाळेच्या गणवेशातली, पदवीच्या काळ्या झग्यातली. ती शेठची मुलगी. तिची आई ती शाळेत असतानाच वारली होती, हे मला माहीत होतं. ती दिंडोशीच्या कोर्टात स्टेनो आहे, हेही माहीत होतं. पण एके दिवशी एक मुलगी डबा घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मी तिला "काय पाहिजे ताई? पासपोर्ट साइज?" असं विचारलं. तिच्या खालच्या ओठाच्या कडेपासून हनुवटीवरून मानेपर्यंत पांढरा डाग उतरला होता. कोड.

ती हसली. भिंतीकडे बोट करून म्हणाली, "मीच ती. ती धुतलेली आहे."

तिला भिंतीचं काही वाटत नसे. दुकान आहे, सॅम्पल लागतं, बाबांना हौस आहे, असं ती म्हणायची. शेठ प्रत्येक नवीन सॉफ्टवेअर आधी तिच्या फोटोवर चालवून बघायचा. घरचा फोटो हाताशी असतो म्हणून करत असेल, असं मी धरून चाललो होतो. पण त्याची तऱ्हा बघत गेलो तसं लक्षात आलं, की गिऱ्हाइकांच्या नवऱ्या ही नुसती रंगीत तालीम होती. मुलीचा फोटो उघडला की शेठ बोलायचा बंद व्हायचा. डाग पुसायचा, फोटो मोठा करून बघायचा, कुठेतरी कातडीचा पोत वेगळा दिसायचा, मग चरफडत सॉफ्टवेअर बंद करायचा. आणि महिन्याभरात पुन्हा: "नवीन आलंय!"

एआयने ते साधलं. इतकं बेमालूम, की मलाही जागा सापडेना. त्या दिवशी शेठने गल्लीतल्या सगळ्यांना चहा पाजला. मला वाटलं, संपली एकदाची कटकट.

मग एका रविवारी त्याने मला कॅमेरा घेऊन दिंडोशीला घरी बोलावलं. मुलीला बघायला मुलुंडहून मंडळी येणार होती. "सहज कँडिड काढ रे. मागाहून आठवण राहते." मंडळी आली. मुलगा, त्याची आई आणि मामा. मुलीने पोह्यांचा ट्रे आणून ठेवला, नमस्कार केला आणि समोर बसली. मामा मोबाईल पोटाशी धरून मान खालीवर करायला लागला, पावतीवरचा माल ताडून बघतात तसा.

मुलाच्या आईने इकडेतिकडे बघितलं आणि गोड आवाजात विचारलं, "ही मोठी बहीण का?"

"नाही. मी एकटीच आहे," ती म्हणाली. "का हो?"

मामाची नजर पुन्हा मोबाईलवर गेली. तिने हात पुढे केला. "बघू?"

मामाने मोबाईल दिला. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला, नेमका हनुवटीवर. मी तिच्या मागेच उभा होतो. हनुवटीवर डागच नव्हता. मला ते काम लगेच ओळखू आलं. शेठ खिडकीच्या पडद्याची दोरी सारखी करत होता.

"काम मस्त झालंय," ती म्हणाली. "पण ही मुलगी या घरात राहत नाही. बाबा, मी दिलेला फोटो कुठे आहे?"

"तोच आहे गं. थोडी सफाई केली. लाइटमुळे जरा—"

"आम्हाला आधी सांगायला हवं होतं," मामा म्हणाला.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "मलाही."

मुलगा सगळा वेळ बशीतले शेंगदाणे वेचत होता. मंडळी गेली. जाताना बशा मात्र लख्ख करून गेली.

दार लागल्यावर शेठ म्हणाला, "बोलणी पुढे गेली की मी सांगणारच होतो."

"कधी? मांडवात?"

"अगं, लोक आधी तेच बघतात. मला माहीत आहेत लोक. एकदा तुझ्याशी बोलले असते, तुझा स्वभाव बघितला असता—"

"लोकांचं सोडा हो. मी सकाळी आरशात बघते तेव्हा मला माझं तोंड दिसतं. तुम्हाला आजपर्यंत डागच दिसला." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी कॅमेरा बॅगेत भरायला लागलो तर ती मलाच म्हणाली, "दादा, चहा घेऊन जा. टाकलाय."

पुढच्याच महिन्यात ती कोर्टातल्या एका मैत्रिणीबरोबर बोरिवलीला भाड्याने राहायला गेली. शेठ समोरच्या गाडीवरचा वडापाव खायला लागला. मला त्याची दया आली असं म्हणायला हवं, पण आली नाही. आयुष्यभर लोकांचे चेहरे खोडत आलेल्या माणसाला एकदा कुणीतरी खोडून दाखवलं, एवढंच वाटलं.

मग एका दुपारी मी आलो तर भिंत रिकामी. सगळ्या फ्रेमा काढून कोपऱ्यात उलट्या ठेवलेल्या. शेठ कॉम्प्युटरपुढे बसून जुन्या हार्डडिस्क एकामागून एक लावत होता.

"काय शोधताय?"

"हिचे मूळ फोटो."

ते कुठून सापडणार? मूळ फोटो वेगळा ठेवायची सवय शेठला नव्हती. सफाई करायची आणि त्याच नावावर सेव्ह मारायचा, हा त्याचा खाक्या. लहानपणीचे फोटो कागदावर होते. तेही त्याने स्कॅन करून, स्वच्छ करून, नवे छापून अल्बममध्ये लावले होते आणि जुने भंगारवाल्याला दिले होते. पहिलीपासून पदवीपर्यंत त्या मुलीचा स्वतःच्या चेहऱ्याचा एक फोटो त्या दुकानात नव्हता. घरातही नव्हता.

तेव्हा शेठने काय करावं? त्याने डाग परत घालायला घेतला.

मी उभा राहून बघत होतो. गणवेशातला फोटो समोर होता. त्याने एआयला लिहून सांगितलं. यंत्राने पोरीच्या हनुवटीला दही फासलं. पुन्हा लिहिलं, तर मिशी आली. तिसऱ्यांदा चुन्याच्या हाताने कुणी थोबाडीत मारल्यासारखं काहीतरी उमटलं. ज्या यंत्राने डाग चुटकीसरशी गिळला होता, त्याला तो ओकता येईना. शेवटी शेठने जुना ब्रश घेतला, पण ब्रश नुसताच चेहऱ्यावर तरंगत राहिला.

"काय रे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आधी ओठाच्या उजवीकडे होता की डावीकडे?"

"मला काय विचारता शेठ? मी तेव्हा होतो का? बाप तुम्ही."

"मी तिकडे बघायचोच नाही रे. तिला वाईट वाटायला नको म्हणून."

इतकी वर्षं मी या माणसाला नावं ठेवत आलो, पण या वाक्याला काय नाव ठेवावं ते मला सुचलं नाही. "मग तिलाच विचारा," एवढं तुटकपणे म्हणालो आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. काचेतून दिसलं, शेठने फोन लावला. मग त्याचा आवाज आला, नेहमीसारखाच मोठा. त्याला फोनवर हळू बोलता येत नसे. "अगं, मी बोलतोय. ऐक ना. चौथीत होतीस तेव्हा तुझा डाग कुठवर होता गं?"

पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. शेठने फोन खाली ठेवला आणि मॉनिटर बंद केला.

आता ते दुकान नाही. त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं विकतात आणि मी दुसरीकडे कामाला आहे. शेठ गावी राहायला गेला. तिथे नेटवर्क येत नाही असं ऐकलं. चांगलंच आहे. मालवणच्या लोकांची नाकं वाचली. मुलगी बोरिवलीलाच आहे. लग्नाचं मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

पण त्या फोननंतरच्या शनिवारी मी लेन्स घ्यायला दुकानात गेलो होतो. कोर्टाला सुट्टी होती. मॉनिटरसमोर दोन खुर्च्या होत्या आणि दुसरीवर ती बसली होती. दोघांनीही वळून पाहिलं नाही. तिचं बोट स्क्रीनवर होतं.

"इथून नाही. ओठाच्या खालून सुरू करा. तेव्हा मानेवर उतरला नव्हता, दहावीत उतरला."

"एवढा?"

"एवढा नाही. रुपयाएवढा. आणि गोल नव्हता, जरा लांबट."

शेठ ब्रश फिरवत होता. कामाच्या दृष्टीने म्हणाल तर भिकार. कड कातरीने कापल्यासारखी, रंग घराच्या ऑइलपेंटचा. इतकं कच्चं काम त्या दुकानातून कधी बाहेर पडलं नसेल. मी लेन्स शोधत राहिलो.

"आता?" शेठने विचारलं.

तिने मान तिरकी करून बराच वेळ त्या गणवेशातल्या पोरीकडे पाहिलं. "हां. अशीच होते."

शेठने माऊसवरचा हात काढला. मग एकदम, जणू ती पोर समोरच बसली असावी तसं विचारलं, "दुखायचं का गं तेव्हा?"

"डाग दुखत नाही, बाबा," ती म्हणाली आणि माऊस स्वतःकडे घेऊन तिने पुढचा फोटो उघडला.