सपाट बुडाचा गंज

विजयमालाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हा तिचा नवरा देवमन मंगरूळपीरच्या कचेरीत शिपाई म्हणून लागला. अनसिंगजवळचं खेडं सोडून दोघं भाड्याच्या खोलीत आली. घरमालकीण केशरबाईनं पहिल्याच दिवशी बजावलं, "खोलीत चूल पेटवाची नाही. भिंती काळ्या होतात." मग देवमननं वातीचा स्टोव्ह आणला.

विजयमालाजवळ माहेरची पितळी बगुणी, म्हणजे पातेली, होती, गोल बुडाची. चुलीवर ती घट्ट बसत, स्टोव्हवर मात्र डुलत. एकदा वरण ढवळताना बगुणं कलंडलं आणि उकळतं वरण तिच्या पायावर सांडलं. पाय बरा होईपर्यंत देवमन रांधायचा, अन् भात रोज करपायचा.

मग दोघं शेलूबाजारच्या बाजारात गेली आणि वरण-भातासाठी सपाट बुडाचं उभट पातेलं, जर्मनचा म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा गंज, घेऊन आली. तो हलका, पातळ होता. महिन्याभरात बूड फुगलं, गंज पुन्हा डुलायला लागला. विजयमालाच्या मनाला फार लागलं, कारण तो तिनंच पसंत केला होता.

पुढच्या बाजाराला देवमनला सुट्टी नव्हती. ती पहिल्यांदाच एकटी बसमध्ये चढली. दुकानात एकेक गंज फळीवर ठेवून काठ दाबून पाहू लागली, बुडावर बोटानं वाजवू लागली.

भांडेवाला वैतागला. "काय पाहून राह्यल्या बाई? भोक नाही त्याले."

"भोक नाही, बूड पाहून राह्यली. मांगच्या बारीले पातळ नेला, तो फुगला."

त्यानं आतून एक जाड गंज काढून दिला. तिनं काठ दाबला, गंज हलला नाही.

हिवाळ्यात सासू मनकर्णाबाई राहायला आली. तिनं स्टोव्हवर भाकरी टाकून पाहिल्या. निखारे नाहीत, त्यामुळे एकही फुगली नाही.

"वरण बेस होते तुयं," ती सुनेला म्हणाली. "पण भाकर नाही जमत याच्यावर."

ती उठून केशरबाईकडे गेली. दोघींचं बराच वेळ बोलणं झालं. शेवटी केशरबाईनं मागच्या अंगणात शेगडी ठेवू दिली. तेव्हापासून भाकरी बाहेर, वरण-भात आत.

पुढं केशरबाईच्या घरीही स्टोव्ह आला. ती दारात येऊन म्हणाली, "विजयमाले, बजारात चालतं का माह्यासंगं? मले गंज घ्याचा हाये."

दोघी गेल्या. केशरबाईला मोठा गंज हवा होता, पण मोठा स्टोव्हवर कलंडेल म्हणून विजयमालानं मधला घ्यायला लावला. बसमध्ये गर्दी होती. गंज मांडीवर घेऊन केशरबाई बसली आणि विजयमाला मंगरूळपीरपर्यंत उभी राहिली.