मूर्तीमागच्या बाटल्या

लेकीला सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. पहिला पगार झाल्यावर तिने आम्हा नवरा-बायकोला उंद्रीहून बुलढाण्याला बोलावलं आणि दुपारी एका नव्या हॉटेलात नेलं. चीन-जपानचं खाणं मिळतं म्हणाली.

दारातून आत गेलो तर समोरच बुद्धाची मूर्ती. माणसाएवढी, डोळे मिटलेली. मला फार बरं वाटलं. आम्ही दोघांनी चपला काढल्या, हात जोडले, मान खाली घातली. मान वर केली तेव्हा मूर्तीमागे काचेच्या फळ्या दिसल्या. फळ्यांवर छतापर्यंत दारूच्या बाटल्या आणि खालून निळे दिवे. माझे हात जोडलेलेच राहिले.

"माय, चप्पल घाल वो. लोकं पाहून राह्यले," लेक हळूच म्हणाली.

नऊ वर्षांपूर्वी आमच्या मालकांनी दारू सोडली. त्याआधीचं मी लिहीत नाही. विहारात मूर्तीसमोर बसून त्यांनी पंचशील घेतलं. दारू न पिण्याचं पाचवं शील मोठ्याने म्हटलं. मीही शेजारी बसून म्हटलं. तेव्हापासून दारूचं दुकान असलेल्या रस्त्याने ते जात नाहीत, लांबून वळसा घालतात. आणि आज ते बाटल्यांपासून चार हातांवर बसले होते.

"हे दारूचं हॉटेल हाय का वो?" मी लेकीच्या कानात विचारलं.

"बार हाय बाजूले. आपल्याले काय करा लागते? आपण जेवाले आलो."

कार्डावर सगळं इंग्रजी. माझी शाळा चौथीपर्यंत. लेक वाचत होती, वेटरला सांगत होती, मला एक शब्द कळत नव्हता. ताटाशेजारी लाकडाच्या दोन-दोन काड्या ठेवलेल्या होत्या. मालकांनी एक उचलून पाहिली.

"यानं खा लागते? मंग पोट उद्या भरन."

लेक हसली. मी हसले नाही. माझी नजर मूर्तीकडे होती. तिच्या मागूनच वेटर तीन ग्लास घेऊन आला. दोन पांढरे आणि एक लाल. लाल ग्लास त्याने मालकांसमोर ठेवला. वर बर्फ, पुदिन्याचं पान.

मालकांनी तो उचलला.

मी चारचौघांत पाणीसुद्धा तोंड फिरवून पिते. पण त्या वेळी मी उठले, त्यांच्या हातातून ग्लास ओढला आणि तिथेच उभ्याने सगळा घशाखाली उतरवला. आपलं शील मोडतंय हे मला कळत होतं. त्यांचं मोडू नये, एवढंच डोक्यात होतं. घसा थंडीने बधिर झाला, लुगडं भिजलं. शेजारच्या टेबलावरची माणसं बोलायची थांबली.

"माय! काय करून राह्यली तू?"

"दारू हाय त्याच्यात."

"लिचीचं सरबत हाय वो!" तिचा आवाज कापला. "मी माह्या बापाले दारू पाजीन का? मी काय इसरली सगळं?"

मग मला जिभेवरची चव कळली. गोड होती. मी खाली बसले. मालक माझ्याकडे पाहत होते, रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"नऊ वर्सं झाली," ते म्हणाले.

मी भिजलेलं लुगडं पुसत राहिले.

लेकीने दुसरा ग्लास मागवला. तोही मूर्तीमागूनच आला, तसाच लाल. मालकांनी त्याला हात लावला नाही, माझ्यापुढे सरकवला.

"घे. आंधी तू चाखून पाह्य. मंग मी पेतो."

लेक खाली मान घालून काडी फिरवत होती. मी ग्लास धरला. चाखावंसं वाटलं, खोटं का लिहू. पण मी तो तसाच त्यांच्यापुढे परत सरकवला.

"प्या तुम्ही."

ते प्यायले. ग्लास रिकामा होईपर्यंत मी त्यांच्या गळ्याकडेच पाहत होते.