थकलेला ओठ

ट्रम्पेट वाजवून वाजवून गालांचे फुगे झालेले, म्हणून बँडमध्ये सगळे त्याला भोंगा म्हणत. बायकोसुद्धा, पाठीमागे. वाजवण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं हो. भिंतीत खिळा ठोकायला गेला तर बोट ठोकून यायचा.

एका सकाळी चूळ भरली, तर पाणी डाव्या कोपऱ्यातून थेट शर्टावर. आरशात बघतो तो अर्धं तोंड घसरलेलं, डावा डोळा मिटता मिटेना.

"अहो, दवाखान्यात चला," बायको म्हणाली.

"कशाला? ओठ थकलाय."

फुंकणाऱ्यांचा ओठ थकतोच. जास्त वाजवलं की सुजतो, बधिर होतो. त्यावर त्यांचा एकच इलाज, आठवडाभर वाद्याला हात लावायचा नाही. बँडमास्तरांनीही तेच सांगितलं. मग काय, आयुष्यात पहिल्यांदा भोंगा कुणाचं ऐकून गप्प घरी बसला. तेही नको तेव्हा.

आठवडा सरला तरी ओठ जागा होईना, तेव्हा गेला.

"इतके दिवस काय करत होतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आराम."

"चेहऱ्याची नस सुजलीय. गोळ्या पहिल्या तीन दिवसांत घ्यायच्या असतात." मग त्याचं तोंड बघून म्हणाल्या, "बहुतेकांचं बरं होतं म्हणा."

बहुतेकांत भोंगा बसला नाही. वर्ष गेलं. तोंड थोडं वर चढलं, पण ट्रम्पेट लावला की डावीकडून वारा निसटायचा. सूर कसला, जुन्या कुकरची वाफ. वर नवंच खूळ. ओठ आवळला की डावा डोळा आपोआप मिटायचा.

शेजारीण तक्रार घेऊन आली, "तुमचे हे डोळा मारतात."

"मारू दे," बायको म्हणाली. "चोवीस वर्षांत मला नाही मारला." आणि आत जाऊन, कांदा चिरायचा नसताना, पदराने डोळे पुसत बसली.

मास्तरांनी ट्रम्पेट स्वतःच्या मेव्हण्याला दिला आणि भोंग्याच्या हातात झांजा. "यात ओठाचं काम नाही, भोंग्या."

रविवारी बागेत बँड उभा राहतो. भोंगा मागच्या रांगेत, झांजा छातीशी धरून. ट्रम्पेटची जागा येते, मेव्हणा श्वास घेतो, आणि मागे भोंग्याचा ओठ सवयीने आवळतो. डावा डोळा मिटतो. समोरच्या बाकावरच्या बायका एकमेकींना ढोसून हसतात.

सूर संपेपर्यंत तो डोळा उघडत नाही.